डॉ. कोटणीसांच्या गावात चिनी कागद वाचणारी मुले तयार व्हावीत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

१० ऑक्टोबर आणि ९ डिसेंबर या तारखा आल्या की सोलापूरकर डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची आठवण काढतात. हार, भाषणे, भारत-चीन मैत्रीवरचे लेख, हे सगळे व्हावेच. पण १९३८ ते १९४२ या काळातले डॉक्टरांचे चीनमधले काम ज्या चीन-जपान युद्धाच्या धामधुमीत झाले, त्या युद्धाचे चिनी आणि जपानी कागद हाताळू शकणारी मुले आपण तयार करत नाही, याची खंत फारशी कुणी बोलून दाखवत नाही. हे कागद आता मोठ्या संख्येने इंटरनेटवर आले आहेत. ते शोधणे, तपासणे, तक्त्यात मांडणे आणि दुसऱ्याला वापरता येतील असे ठेवणे, हे शिकवता येते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने आणि शहरातल्या महाविद्यालयांनी दोन श्रेयांकांचा, ६० तासांच्या प्रात्यक्षिकाचा असा अभ्यासक्रम सुरू करावा, ही आमची मागणी आहे. १५ आठवडे, आठवड्याला चार तास. नेहमीची संगणक प्रयोगशाळा आणि एक स्कॅनर एवढ्यावर तो चालतो.

पहिली शंका साहजिकच येते: चिनी न येता हे कसे जमणार? ६० तासांत चिनी येणार नाही, तसे सांगून प्रवेशही देऊ नयेत. मात्र नाव, गाव आणि तारीख या तीन गोष्टी चिनी मजकुरात ओळखून बिनचूक नोंदवणे तेवढ्या वेळात नक्की जमते. वाक्याचा अर्थ लावायला भाषा जाणणाराच लागतो. भाषांतराचे यंत्र अनोळखी नावाच्या जागी बेधडक भलतेच नाव घालते, म्हणून यंत्राचे भाषांतर नेहमी मूळ मजकुराशेजारीच ठेवायचे.

सुरुवात नावापासून करावी. डॉक्टरांना चीनमध्ये ‘के दिहुआ’ म्हणतात. चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातल्या अटल, चोळकर, कोटणीस, बासू आणि मुखर्जी या पाचही भारतीय डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे एकच अक्षर आहे, आणि नेमके तेच घात करते. १९४० च्या दशकातल्या छपाईत ते पारंपरिक वळणाचे आहे, आजच्या चीनमधल्या संकेतस्थळांवर सरलीकृत. वाचणाऱ्याला दोन्ही एकच, संगणकाला मात्र दोन वेगळी अक्षरे. काही संग्रह ही दोन्ही रूपे आपोआप जुळवून शोधतात, काही जुळवत नाहीत. न जुळवणाऱ्या संग्रहात एकाच रूपाने शोधले की उत्तर शून्य येते आणि विद्यार्थी ‘उल्लेख नाही’ असे लिहून मोकळा होतो. म्हणून नवा संग्रह वापरण्याआधी, त्यात हमखास असलेला एखादा शब्द दोन्ही रूपांत टाकून पाहायचा. उत्तरे सारखी आली तरच त्याच्या ‘शून्या’वर विश्वास ठेवायचा.

प्रत्येक व्यक्तीची नावपत्रिका करायची, एका ओळीत नावाचे एक रूप. रकाने पाचच: व्यक्तीचा क्रमांक, नाव जसे छापले आहे तसे, लिपी, कुठे सापडले, कुणी नोंदवले. ‘कोटणीस’, ‘कोटनीस’, रोमन स्पेलिंग, चिनी दोन्ही रूपे या सगळ्यांना एकच क्रमांक. छापलेले नाव ‘दुरुस्त’ करायला हात लावायचा नाही. दुरुस्त केले की मूळ कागदात ते पुन्हा सापडत नाही.

अशी अडचण मराठीतही आहे. ‘ॲकॅडमी’ हा शब्द टाइप करताना कुणी ‘ॲ’ हे अखंड अक्षर घेतो, कुणी ‘अ’ टाइप करून त्यावर अर्धचंद्र देतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र एकाने दुसरा सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एक करण्याची ठरलेली रीत, तीही त्यांना एक करत नाही, बदल स्वतःच करावा लागतो. जपानी फाइलमध्ये हेच अंकांचे होते. १९४२ हे साल रुंद अंकांत आणि साध्या अंकांत असे दोन प्रकारे येते. हा फरक मात्र एनएफकेसी या प्रकारच्या प्रमाणीकरणाने जातो. सोलापूरची मुले मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा लिप्यांच्या शेजारात वाढतात. लिपी बदलली की शोध बदलतो, हे त्यांना लवकर कळते.

मग फाइल उघडण्याचा प्रश्न. श्रीलिपीतला जुना मजकूर युनिकोडमध्ये न बदलता उघडला की जसे कडबोळे दिसते, तसेच बिग-फाइव्ह (चिनी) किंवा शिफ्ट-जेआयएस (जपानी) या जुन्या संकेतांतली फाइल यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडच्या संकेतातली, समजून उघडल्यावर दिसते. एक्सेलमध्ये तर यूटीएफ-८ मधली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइलसुद्धा डबल-क्लिक करून उघडली की चिनी आणि देवनागरी दोन्ही बिघडू शकतात. त्यासाठी ‘डेटा’ मेनूतून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यायचे, फाइल ओरिजिनमध्ये ‘६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)’ निवडायचे आणि जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार घ्यायचा. बिघडलेली फाइल त्याच नावाने जतन झाली तर मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. त्यामुळे उतरवून घेतलेली पहिली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ‘रीड-ओन्ली’ करून ठेवायची आणि काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर करायचे.

तारखांना दोन आठवडे द्यावेत, त्याहून कमी नकोत. डॉक्टरांच्या निधनाचे १९४२ हे साल चिनी प्रजासत्ताकाच्या गणनेत ३१, जपानी लष्करी कागदांत शोवा (सम्राटाच्या राजवटीची गणना) १७ आणि आपल्याकडे त्या डिसेंबरात शके १८६४. प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवायचे, शोवाच्या वर्षात १९२५. इथवर सोपे आहे. पण चीनमध्ये १९१२ पूर्वी आणि जपानमध्ये १८७३ पूर्वी चांद्र-सौर पंचांग चालत असे, अधिक मासासकट. त्या पंचांगातल्या वर्षाचा बारावा महिना बहुधा पुढच्या इंग्रजी वर्षात जातो, त्यामुळे नुसते साल बदलून लिहिले की चूक थेट एका वर्षाची होते. मोडी कागदांतली शुहूर आणि फसली सने जंत्री घेऊन सोडवणाऱ्या आपल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हा व्यायाम ओळखीचा आहे. चिनी तारखांसाठी जंत्रीचे काम तैवानच्या अकॅडेमिया सिनिका या संशोधन संस्थेचे परिवर्तक साधन करते. तक्त्यात तीन रकाने हवेत: मूळ तारीख जशीच्या तशी, कोणती कालगणना, आणि बदललेली इंग्रजी तारीख. तिन्ही रकाने आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवायचे, कारण एक्सेल ‘१०-१२’ दिसले की स्वतःच्या मनाने तारीख करून टाकते, आणि १९०० पूर्वीची तारीख तर तारीख म्हणून ओळखतच नाही.

स्थळांमध्ये एक सापळा खास मराठी वाचकांसाठी आहे. डॉक्टर येनानहून वुताई पर्वताच्या परिसरात गेले. येनान ज्या प्रांतात आहे तो आणि वुताई ज्या प्रांतात आहे तो, हे पीत नदीच्या दोन बाजूंचे दोन वेगळे प्रांत. चिनी उच्चारात त्यांच्यात सुराचा फरक आहे, रोमन लिपीत एका ‘ए’चा. देवनागरीत मात्र दोन्ही सर्रास ‘शान्सी’ लिहिले जातात. मराठी लेखावरून नकाशा काढला की शेकडो किलोमीटरचा प्रवास एकाच ठिपक्यात गडप होतो. म्हणून स्थळाच्या रकान्याशेजारी चिनी अक्षरे आणि विकिडेटाचा (विकिपीडियाच्या जोडीच्या माहिती-सूचीचा) क्रमांक असलाच पाहिजे. दुसरे असे, की चिनी नकाशा-सेवांवरून घेतलेले अक्षांश-रेखांश तिथल्या नियमाप्रमाणे मुद्दाम सरकवलेले असतात. क्यूजीआयएस या नकाशे काढण्याच्या साधनात ते तसेच टाकले तर गाव काहीशे मीटर बाजूला जाते.

कोणता संग्रह कशासाठी, हे शिक्षकांनी आधी नीट ठरवावे. हार्वर्ड, अकॅडेमिया सिनिका आणि पेकिंग विद्यापीठ मिळून चालवतात त्या चिनी चरित्र-कोशात पाच लाखांहून अधिक व्यक्ती आहेत आणि अख्खा कोश मोफत उतरवता येतो. एक तक्ता दुसऱ्याला कसा जोडायचा हे शिकवायला त्याच्यासारखे साधन नाही. पण त्याचा मुख्य भर ७व्या ते १९व्या शतकावर आहे. त्यात कोटणीस शोधणे व्यर्थ. हार्वर्ड आणि फुदान विद्यापीठांनी केलेला चीनचा ऐतिहासिक नकाशा-संच तर १९११ लाच थांबतो. युद्धकाळासाठी जपानच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे २००१ साली सुरू झालेले आशियाई ऐतिहासिक नोंदींचे केंद्र गाठावे. त्यातल्या प्रत्येक कागदाला संदर्भ-संकेत असतो. पानाच्या दुव्याऐवजी तो संकेत नोंदवायचा, दुवे बदलतात. चिनी प्राचीन ग्रंथांचा सीटेक्स्ट हा संग्रह वर्गाला आवडतो, पण तिथे आपोआप घाऊक उतरवून घेण्याला सक्त मनाई आहे. प्रयोगशाळेतले सगळे संगणक सहसा एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर जातात. एकाने घाई केली की सगळा वर्ग अडतो.

छापील पानावरून मजकूर काढण्यासाठी टेसरॅक्ट हे मोफत साधन पुरते, मात्र आडव्या आणि उभ्या चिनीसाठी त्याच्या भाषा-फाइली वेगळ्या आहेत. जुनी वर्तमानपत्रे वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे वाचायची. आडवी फाइल लावली तर अक्षरे बरोबर ओळखूनही वाक्यांची खिचडी होते. १००० अक्षरांच्या पानात ५ टक्के चूक म्हणजे ५० अक्षरे चुकीची, आणि नाव तीनच अक्षरांचे. तेव्हा वर्गातल्या दोन गटांना तीच २० पाने स्वतंत्रपणे तपासायला द्यावीत आणि जिथे फरक पडेल तेवढीच जागा शिक्षकांनी पाहावी. सगळ्यात जास्त शिकणे इथेच होते.

आता खुले करण्याविषयी. आपल्याकडे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर पीडीएफ होऊन जातो, पण त्यामागचा तक्ता विद्यार्थ्याच्या पेन ड्राइव्हमध्ये राहतो आणि पेन ड्राइव्हबरोबरच हरवतो. पुढच्या मुलाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे आम्हाला फार सलते. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेचे झेनोडो हे भांडार २०१३ पासून मोफत आहे. एका नोंदीत ५० जीबीपर्यंत फाइली बसतात आणि प्रत्येक नोंदीला कायमचा डीओआय (डिजिटल ओळख) क्रमांक मिळतो. ४०० डीपीआयचे ए-४ रंगीत पान न दाबलेल्या टिफ रूपात सुमारे ४६ एमबी होते. २०० पानांचे सव्वानऊ जीबी. म्हणजे एका वर्गाचे वर्षाचे काम एका नोंदीत सहज मावते. सोबत एक साधी ‘रीडमी’ फाइल द्यावी: कागद कुठले, कोणत्या रकान्याचा अर्थ काय, काय तपासले आणि काय तपासायचे राहिले. ती मराठीत आणि इंग्रजीत असावी, शक्य झाल्यास चिनीतही, कारण हा तक्ता वापरणारा माणूस चीनच्या हेबेई प्रांतातलाही असू शकतो.

परवान्यात गफलत नको. स्वतः केलेल्या तक्त्याला सीसी बाय ४.० (श्रेय देऊन कुणालाही वापरू देणारा परवाना) लावता येतो, दुसऱ्याच्या छायाचित्राला नाही. चरित्र-कोशातून घेतलेल्या भागावर त्याचाच बिगर-व्यावसायिक परवाना लागू राहतो. पत्रांबाबत विशेष जपावे: लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क आपल्या कायद्यात प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजतात. तेव्हा १९४२ नंतर ८० वर्षांहून अधिक काळ लोटला म्हणून पत्रे मोकळी झाली, असे गृहीत धरू नये. कुटुंबीयांची लेखी परवानगी घ्यावी आणि ती फाइलसोबत जपावी.

शेवटी सोलापूरकर वाचकांना विनंती. सप्टेंबर १९३८ मध्ये वैद्यकीय पथक मुंबईहून निघाले, त्या सुमाराची आणि डिसेंबर १९४२ नंतरची कात्रणे, पत्रे, छायाचित्रे कुणाच्या घरी असतील तर ती लॅमिनेट करू नका, मागे चिकटपट्टी लावू नका. छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का आणि हाताने लिहिलेली तारीख तिथेच असते. बांधीव फायलीतले वर्तमानपत्रांचे अंक सपाट दाबले तर शिवण तुटते आणि आतला रकाना तरीही वाचता येत नाही. ते अर्धवट उघडून दोन्ही बाजूंना आधार द्या आणि एकेका पानाचा फोटो सरळ वरून घ्या. फाइलच्या नावात आधी साल, मग महिना, मग दिवस आणि शेवटी तीन आकडी पान क्रमांक लिहा, ००१ पासून.

आपले,
पूर्व आशियाचा इतिहास व डिजिटल साधने शिकवणारे काही अध्यापक, सोलापूर