दोन चेहऱ्यांमधलं अंतर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. त्या जोडप्याचे फोटो तू काढणार आहेस हे वाचून फार आनंद झाला. ती व्हीलचेअर वापरते, तो उभा, आणि तुझा प्रश्न असा की फोटोत खुर्ची लपवायची कशी. माझ्या मते लपवायचा प्रश्नच नाही. खरी अडचण आहे ती दोन चेहऱ्यांमधल्या अंतराची.

उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण 150 ते 160 सेंटिमीटरवर असतात, व्हीलचेअरमध्ये बसलेल्याचे 115 ते 120 वर. म्हणजे उंचीतच 35-40 सेंटिमीटरचा फरक. त्यात मधे मोठं चाक आणि आर्मरेस्ट, म्हणजे हात टेकायचा दांडा. दोघं एकमेकांना खेटून असली तरी फोटोत लांब वाटतात ती यामुळे. हे अंतर मिटलं की खुर्ची फ्रेममध्ये असली काय, नसली काय, नजर चेहऱ्यांवरच जाते.

शूटच्या आधी तिला फोन कर. तिलाच कर, त्याच्यामार्फत विचारू नकोस. खुर्ची हाताने चालवायची आहे की बॅटरीवरची? आर्मरेस्ट निघतात किंवा मागे उलटतात का? फूटरेस्ट बाजूला फिरतात का? खुर्चीतून सोफ्यावर किंवा बाकावर बसणं तिला सोयीचं आहे का, आणि त्यासाठी मदत लागते का? कोणत्या बाजूचा हात जास्त चालतो? पाय अचानक आखडतात का? किती वेळाने थकवा येतो? मणक्याला वरच्या भागात इजा असेल तर शरीराला घाम नीट येत नाही आणि ऊन लवकर बाधतं, तेव्हा बाहेरचं शूट सकाळी लवकर ठेव. आणि सरळ विचार, खुर्ची फोटोत कशी दिसलेली आवडेल. कुणाला ती पूर्ण हवी असते, कुणाला फक्त खांद्यापर्यंतचे फोटो हवे असतात. हे ठरवणं तिचं काम, आपलं नाही.

आता पोझ. जी पहिल्यांदा सुचते तीच टाळ: तो मागे उभा, दोन्ही हात हँडलवर. या फोटोत नवरा-बायको दिसत नाहीत, रुग्ण आणि तिला सांभाळणारा माणूस दिसतो. शिवाय चेहरे एकावर एक, मधे पाठीच्या टेकूची भिंत. तो मागे हवाच असेल तर हँडल सोडून हात तिच्या खांद्यांवरून पुढे घेऊ दे आणि तिने ते हात धरू दे. कमरेतून वाकायला लावलंस तर थोड्या वेळात त्याची मान आणि चेहरा ताठ होतो. त्यापेक्षा मागे उंच स्टूल देऊन त्यावर अर्धवट टेकव.

माझी सगळ्यात आवडती रचना उलट तोंडाची आहे. खुर्ची कॅमेऱ्याला आडवी लाव. तिच्या पलीकडच्या बाजूला, मोठ्या चाकाच्या थोडं पुढे, तिच्या मांडीच्या रेषेत एक स्टूल ठेव आणि त्याला तिच्या उलट दिशेला तोंड करून बसव. ती उजवीकडे तोंड करून, तर तो डावीकडे. आता त्याचे गुडघे चाकाच्या बाजूने मागे जातात, तिचे पुढे, मधे कुणाचे पाय अडकत नाहीत, आणि दोघांनी जरा झुकलं की कपाळाला कपाळ लागतं. त्या बाजूचा आर्मरेस्ट काढलेला हवा, नाहीतर तो बरगडीत रुततो. खुर्चीची बैठक उशीसकट बहुतेक वेळा 50 सेंटिमीटरच्या आसपास असते. त्याचं धड तिच्यापेक्षा लांब असेल तर स्टूल 45 चं घे, म्हणजे डोळे एका पातळीत येतात. स्टूल पाठ नसलेलं आणि अरुंद असावं. हात टेकायची खुर्ची दिलीस तर पुन्हा मधे दांडा.

त्याला उभंच ठेवायचं असेल तर भिंतीला किंवा कठड्याला टेकव, पाय फाकवून आणि थोडे पुढे ठेवायला सांग. एवढ्यानेही तो बराच खाली येतो. एक गुडघा टेकवून बसणं छान दिसतं, पण सगळे फोटो तसे नकोत, प्रत्येक फोटो लग्नाची मागणी घातल्यासारखा होतो. गुडघ्याखाली कापडाची जाड घडी ठेव.

त्याने तिच्या मांडीवर बसणं हा प्रकार आपण सुचवायचा नाही. मांडीवर दाब आल्याने त्वचेला इजा होऊ शकते, लघवीसाठी नळी लावलेली असेल तर ती दबू शकते, आणि संवेदना नसेल तर तिला ते कळणारही नाही. दोघं घरी तसं बसत असतील तर ती स्वतः सांगतील. आर्मरेस्टवर तर कुणालाच बसवू नकोस. निघणारा आर्मरेस्ट वजनाने सुटतो किंवा खुर्ची कलंडते.

पुढे झुकायची पोझ असेल तर खुर्ची आधी थोडी मागे घ्यायला सांग. त्याने पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळतात, टेकू लांब होतो आणि खुर्ची पुढे उलटायची भीती कमी होते. मग ब्रेक. टायरमध्ये हवा कमी असेल तर बऱ्याच खुर्च्यांचा ब्रेक नीट धरत नाही, म्हणून उतारावर पोझ नकोच. कॅमेऱ्याची बॅग हँडलला अडकवू नकोस, खुर्ची मागे उलटू शकते. आणि खुर्चीला हात लावायच्या आधी दर वेळी विचार.

बॅटरीवरची खुर्ची असेल तर मिठी मारायच्या आधी ती बंद करायला सांग. कोपर जॉयस्टिकला लागलं तर खुर्ची त्याच्या पायावर जाते. काही खुर्च्यांची बैठक वर उचलता येते. तशी असली तर निम्मा प्रश्न तिथेच सुटला.

बाकावर बसायला ती तयार असेल तर तिची उशी खुर्चीतून काढून बाकावर ठेव, कडक फळीवर फार वेळ बसवू नकोस. उचलणं-ठेवणं दोघांना जसं सवयीचं आहे तसंच होऊ दे, तू मधे हात घालू नकोस. तिला पाठीला आधार लागत असेल तर तोच मागे बसू दे, तिची पाठ त्याच्या छातीला. आधारही मिळतो आणि फोटोही फार सुंदर येतो.

कॅमेरा खाली आण. तू उभ्याने काढलंस तर तिच्या कपाळाचा आणि मांड्यांचा फोटो येईल. बसून, साधारण 110 ते 120 सेंटिमीटर उंचीवरून काढ. बसलेल्या माणसाचे गुडघे चेहऱ्याच्या अर्धा मीटरभर पुढे असतात. दीड मीटरवरून समोरून काढलंस तर गुडघे चेहऱ्याच्या मानाने दीडपट मोठे दिसतात, चार मीटरवरून तो फरक सहज खपून जातो. म्हणून 85 मिलिमीटरची लेन्स, मागे सरक, आणि समोरून काढायचं असेल तर खुर्ची 30-45 अंश वळव. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, 85 ने तीन मीटरवरून लेन्सचं छिद्र एफ/2 एवढं मोठं उघडलंस तर जेमतेम 15 सेंटिमीटर खोली फोकसमध्ये राहते, म्हणजे एक चेहरा गेलाच. एफ/4 किंवा 5.6 वापर.

फ्लॅश समोरून मारलास तर चाकाची कडी आणि तारा चकाकतात. पोलरायझरने, म्हणजे चमक कमी करणाऱ्या फिल्टरने, उघड्या धातूची चमक जवळजवळ जात नाही, दिवा बाजूला नेणं हाच उपाय. फ्रेम कापताना चाक अर्धवट छाटू नकोस. पूर्ण घे, नाहीतर आर्मरेस्टच्या वरून काप.

कपड्यांकडेही बघ. कोट पोटाशी फुगतो, तो पाठीमागून खाली ओढावा लागतो. ओढणी, पदर, घेरदार कापड तारांपासून लांब. कंबर बैठकीत पूर्ण मागे सरकली की पाठ सरळ होते आणि खांदे उघडतात. हे तिला सांगायचं, आपण ओढायचं नाही.

हात धरून चालतानाचा फोटो तुला हवाच असेल. त्यात एक गोष्ट नडते: हाताने चालवायची खुर्ची फक्त उजव्या हाताने ढकलली की डावीकडे वळते, म्हणजे डावीकडे चालणाऱ्याच्या टाचांवरच. धरलेल्या हाताने त्याने तिला हलकं पुढे ओढायचं, मग खुर्ची सरळ राहते. सपाट, पक्की जमीन निवड. छोटी चाकं फटीत आणि वाळूत रुततात. तीन-चार ढकलींएवढं अंतर पुरे, 1/500 सेकंदाच्या शटरवर गोठव. दोघं एकमेकांचे दोन्ही हात धरून गोल फिरत असतील तर 1/30 वर काही फोटो घे, चाकाच्या तारा धूसर होतात आणि नाचाचा वेग दिसतो.

तिच्याशी बोलणं झालं की खुर्ची कोणत्या प्रकारची आहे ते मला कळव. स्टूल कुठे आणि दिवा कुठे, याचं चित्र काढून पाठवतो.

तुझा मित्र