ज्येष्ठांच्या शिबिरात तोलही तपासा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ज्येष्ठ नागरिकांसाठी आरोग्य शिबिर म्हटले की रक्तदाब, साखर, डोळे आणि झालाच तर ईसीजी, एवढे ठरलेले असते. आलेल्या माणसाचा तोल कसा आहे, हे मात्र कुणी पाहत नाही. मी सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागातून परिचारिका म्हणून निवृत्त झाले. खुब्याचे हाड मोडून दाखल होणाऱ्या आजी-आजोबांचे नातेवाईक बहुधा एकच सांगत, "मोरीत पाय घसरला." फरशी ओली होती हे खरेच. पण त्याच फरशीवरून घरातली बाकीची माणसेही ये-जा करत होती. निसटलेला पाय सावरून धरण्याची ताकद आजींच्या मांड्या-पोटऱ्यांत उरली नव्हती, आणि ती कमी होत चालली आहे हे पडेपर्यंत कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात, आणि सर्वाधिक धोका साठीपुढच्यांना असतो. तरीही आपल्याकडे पडणे म्हणजे नशीब, नाहीतर वय.

आपला तोल डोळे, आतला कान आणि तळपाय-सांध्यांतून मेंदूला मिळणाऱ्या जाणिवा या तिन्हींवर चालतो. एक बाजू अधू झाली तर बाकीच्या दोन काम भागवतात. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना बोथट होते आणि माणूस नकळत डोळ्यांच्या भरवशावर उभा राहू लागतो. मग उभ्याने अंघोळ करताना तोंडाला साबण लावून डोळे मिटले, की तो भरवसाही जातो. रात्री लघवीला उठून अंधारात चालतानाही हेच होते. झोपेच्या गोळीची गुंगी असेल तर विचारायलाच नको. अशा माणसाला "नीट बघून चाला" म्हणून काय उपयोग?

तोल तपासायला खुर्ची आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ पुरते. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने तीन मीटर जायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असे समजावे, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे मार्गदर्शन सांगते. दुसरी चाचणी म्हणजे एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून एका रेषेत उभे राहणे. दहा सेकंद जमले नाही तर दखल घ्यायला हवी. दोन्ही वेळी शेजारी धरायला माणूस हवाच.

"मी रोज सकाळी फिरायला जातो, मला काय होतंय?" असे पुष्कळ जण म्हणतात. फिरणे चांगलेच, ते सोडू नये. पण नुसत्या चालण्याने पडणे कमी होते, याचा खात्रीचा पुरावा नाही. तोलाचा सराव वेगळा करावा लागतो. २०१९ साली वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने १०८ प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत २३ हजारांहून अधिक ज्येष्ठ सहभागी होते. व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे या आढाव्यात दिसले, आणि त्यातही तोलाचे आणि उठबशीसारख्या रोजच्या हालचालींचे व्यायाम भरवशाचे ठरले. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाने १९९०च्या दशकात ऐंशी ओलांडलेल्या बायकांवर असाच प्रयोग केला. फिजिओथेरपिस्टने सुरुवातीच्या दोन महिन्यांत चारदा घरी जाऊन व्यायाम शिकवले, पुढे त्या बायका ते आपापले करत राहिल्या. त्यांचे पडणे खरोखर कमी झाले.

हे व्यायाम आपल्या घरांतही होण्यासारखे आहेत. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर उभे राहणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे, पावलापुढे पाऊल लावून चालणे. मग फिजिओथेरपिस्ट कशाला, असे कुणी विचारेल. व्यायाम फार सोपा राहिला तर तोल सुधारत नाही आणि झेपण्यापलीकडे गेला तर माणूस व्यायाम करतानाच पडतो. ओट्यावरचा हात कधी सोडायचा, कधी नुसते बोट टेकवायचे, हे त्या माणसाचे गुडघे, नजर आणि धाप पाहून ठरवावे लागते. शिवाय कूस बदलताना गरगरत असेल किंवा उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. त्यावर इलाज वेगळे आहेत.

एकदा पडलेल्या माणसाबद्दल मला फार वाटते. हाड जुळते, भीती मात्र राहते. घरचेही मायेने म्हणतात, "तुम्ही बसा, हवं ते हातात देतो." मग आजी खुर्चीवरून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीवर, एवढ्याच राहतात. पाय आणखी बारीक होतात आणि पुढचे पडणे जवळ येते. डिस्चार्जच्या कागदावर "फिजिओथेरपी सुरू ठेवा" लिहिलेले असते, पण गावाकडे परतलेल्या आजींनी ती कुठे घ्यायची, हे त्यात नसते. आयुष्मान भारत योजनेत २०२४पासून सत्तरीपुढच्या सर्वांना वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. हाड मोडण्याआधीच्या व्यायामाचे पैसे ज्याचे त्यानेच भरायचे. मला हे पटत नाही.

ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११पासून आहे आणि त्यात जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीची तरतूद आहे. तिथल्या फिजिओथेरपिस्टना आठवड्यातून एक दिवस तरी विरंगुळा केंद्रांत आणि मोठ्या गावांच्या आरोग्य केंद्रांत पाठवावे. फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या आंतरवासितेतल्या मुला-मुलींनाही सोबत घेता येईल. ज्येष्ठ नागरिक संघांकडे जागा आहे, खुर्च्या आहेत, माणसे रोज संध्याकाळी जमतात. महापालिका आणि जिल्हा परिषद यांनी पुढच्या शिबिरात साखरेच्या टेबलाशेजारी तोल तपासणीचे टेबल मांडावे, आणि ज्यांचा तोल कच्चा दिसेल त्यांची नावे लिहून घेऊन त्यांचा वर्ग सुरू करावा.

आपल्या दैनिकात शिबिरांच्या बातम्या नेमाने येतात. तोल तपासणी आणि व्यायामवर्ग कुठे, कोणत्या वारी, किती वाजता आहेत, हेही त्यांत छापावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सांगली