पणजीचं काळं कुंकू

पुणे,
रविवार रात्र

प्रिय मित्रा,

परवा फोनवर, हल्ली कुणी मुद्दाम कृष्णधवल सिनेमे काढतात त्यावरून तू म्हणालास, "रंग काढून टाकला की झाला जुना सिनेमा, त्यात काय एवढं!" तेव्हा मी बसमध्ये उभा होतो, नीट बोलता आलं नाही. पण ते डोक्यातून जाईना.

आमच्या माजघरातला आईच्या आजीचा फोटो आठवतो? "हिचं कुंकू इतकं काळं कसं?" असं तूच एकदा विचारलं होतंस. उत्तर मला गेल्या आठवड्यात मिळालं, रॉबर्ट एगर्सचा 'द लाइटहाउस' (२०१९) पाहताना. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ते काळं पडायचं आणि निळं आकाश पांढरंफटक. कॅमेरामन जॅरिन ब्लाश्के यानं खास फिल्टर बनवून घेऊन तोच परिणाम साधलाय. फिल्म कोडॅकची डबल-एक्स, मुळातच कृष्णधवल. चौकट जवळजवळ चौरस, १.१९ ला १. माणसाच्या कातडीत लाली असतेच, ती इथे काळवंडते; म्हणून त्या दोन दीपगृहवाल्यांचे चेहरे खारं वारं वर्षानुवर्षं खाल्ल्यासारखे दिसतात. रंगीत चित्रण करून मागाहून नुसता रंग उडवला असता, तर हे चेहरे मिळाले नसते.

'द आर्टिस्ट' (२०११) हा नव्या काळातला मूकपट रंगीत फिल्मवर घेऊन नंतर कृष्णधवल केला, हे मला जरा खटकतं. पण सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी २२ फ्रेम घेतल्यामुळे चालण्या-नाचण्यात जुन्या मूकपटांची लगबग आली आहे, ती अस्सल.

आणि आपला 'कुंकू'! लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हच्या थिएटरात पाहिला होता, बाहेर धो धो पाऊस. १९३७ सालचा, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभात स्टुडिओतला. शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत घेतलंच नाही, नुसत्या आजूबाजूच्या आवाजांवर सिनेमा तोलून धरला. रंग तेव्हा सहज हाताशी नव्हता. पार्श्वसंगीत होतं, ते त्यांनी आपणहून सोडलं. आज रंग हाताशी असून कुणी तो आपणहून सोडतो, तेव्हा मला तो 'कुंकू', तो पाऊस, सगळं आठवतं. तू याला हौस म्हणतोस. मला त्यात कष्ट दिसतात, आणि जुन्या माणसांबद्दलची माया.

दिवाळीत ये, एकत्र पाहू. मोबाईलवर मात्र पाहू नकोस, शपथ आहे.

आईला फोटोचं सांगितलं. तिनं तो भिंतीवरून काढला, पदरानं काच पुसली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे लालच होतं."

तुझाच,
मित्र