रक्त पातळ व्हायची गोळी चालू, बीपीची बंद

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पुरवणीतला पक्षाघातावरचा लेख वाचला. चांगलाय, पण सगळा भर मोठ्या अटॅकवर, मानेच्या नसेतलं ब्लॉकेज, हृदयातून सुटलेली गुठळी, ती तार घालून ओढून काढायची वगैरे. मेंदूत खोलवर होणाऱ्या छोट्या अटॅकबद्दल एक ओळ नाही. माझं मेडिकलचं दुकान आहे, गिऱ्हाईक फाइल उघडून दाखवतात, त्यात 'लॅक्युनर इन्फार्क्ट' बऱ्याचदा दिसतं, म्हणजे हाच छोटा अटॅक. रक्त अडून होणाऱ्या पक्षाघातात साधारण चारातला एक या जातीचा असतो.

रक्त न मिळून मेंदूचा जो ठिपका मरतो तो डाग दीड-दोन सेंटीमीटरच्या आतला, पण जागा बेकार. इंटर्नल कॅप्सूल म्हणून जो भाग आहे तिथं हातापायाच्या सगळ्या तारा दाटीवाटीनं जातात, त्यामुळे एवढ्याशा डागानं अख्खी एक बाजू जाते, आणि माणूस पूर्ण शुद्धीत, बोललेलं सगळं कळतंय, म्हणून घरचे म्हणतात जरा झोपू दे उतरेल. तिथंच साडेचार तासांच्या आत द्यायच्या, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ निघून जाते.

हे होतं कशानं तर खोल भागाला रक्त देणाऱ्या नसा अर्ध्या मिलिमीटरहून बारीक आणि मोठ्या धमनीतून थेट फुटलेल्या. ठिबकची बारीक नळी सरळ मेन लाइनला जोडल्यासारखं, प्रेशर मधे कुठं कमी व्हायला जागाच नाही. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं, त्यात शुगर, तंबाखू-बिडी, की नळीची भिंत जाड होत जाते आणि आतली वाट बंद. मिलर फिशर नावाच्या डॉक्टरांनी मेंदूचे पातळ काप काढून या नसा बघितल्या, 1960 च्या दशकातली गोष्ट. अँजिओग्राफीत त्या नीट दिसतही नाहीत. आणि आपल्याकडं काय, मानेच्या नसांची डॉपलर नॉर्मल, हृदयाची टूडी इको नॉर्मल, मग काही नाही म्हणून सोडून देतात!

परवा एक काका आले. चिठ्ठीवर टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन या बीपीच्या, ॲस्पिरिन रक्त पातळ व्हायची, स्टॅटिन कोलेस्टेरॉलची. म्हणाले रक्त पातळ व्हायची पूर्ण पाकीट द्या, बीपीची राहू दे, आता नॉर्मल येतंय. अहो गोळीमुळंच नॉर्मल येतंय ना! वर विचारतात रक्त पातळ करायची अजून एक स्ट्राँग घेऊ का. एसपीएस3 नावाच्या मोठ्या अभ्यासात असल्याच तीन हजार पेशंटवर हे तपासलं, 2012 ला निकाल आला, ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करायची दुसरी गोळी वर्षानुवर्षं देऊन पुढचे अटॅक काही खास कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र जवळपास दुप्पट. (सुरुवातीचे तीनेक आठवडे डॉक्टर दोन्ही देतात ते वेगळं, ते मनानं बंद करू नये.) त्याच अभ्यासात वरचं बीपी 130 च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या लोकांत मेंदूत रक्तस्राव बराच कमी झाला.

असे डाग गुपचूपही होतात, कळत नाहीत. साठत गेले की चाल बदलते, पाय घासत छोटी पावलं, लघवी थांबत नाही, विसरभोळेपणा, आणि घरात म्हणतात वय झालं.

तरी न्यूरोच्या डॉक्टरांकडून यावर एक लेख लिहून घ्या, आणि बीपीची गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका हे त्यात मोठ्या अक्षरात चौकटीत छापा, मी कापून काउंटरवर चिकटवतो.

आपला,
एक मेडिकलवाला वाचक