बारशानंतरही बाळ पिवळे दिसते, तेव्हा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परभणी जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करून मी निवृत्त झाले. तरी गल्लीत कोणाकडे बाळंतपण झाले की अजूनही मला बोलावणे येते. गेल्या महिन्यात असेच शेजारच्या घरी गेले. बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक तापाने फणफणलेली होती, दूध दाटून छातीत गाठी झाल्या होत्या, आणि चोवीस दिवसांचे बाळ आजीच्या मांडीवर बाटलीने डब्याचे दूध पीत होते. बाळाची कावीळ तीन आठवडे झाले तरी उतरली नाही, म्हणून एका दवाखान्यात अंगावरचे दूध बंद करण्याचा सल्ला मिळाला होता. घरच्यांनी त्यात स्वतःची भर घालून बाळंतिणीची हळद आणि तुरीचे वरणही बंद केले होते, कारण पिवळे खाल्ले की दूध पिवळे होते, असा समज. या एका घरात मी जे पाहिले, ते मराठवाड्यातल्या असंख्य घरांत घडते, म्हणून हा पत्रप्रपंच.

बहुतेक नवजात बाळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थोडीफार पिवळी दिसतात. पोटात असतानाच्या जास्तीच्या तांबड्या पेशी जन्मानंतर मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते, आणि कोवळ्या यकृताला त्याचा निचरा करायला काही दिवस लागतात. हे द्रव्य शीवाटे बाहेर पडते. पहिल्या दिवसांतली ती काळी-हिरवी चिकट शी बिलिरुबिनने भरलेली असते आणि ती लवकर बाहेर काढण्याचे काम आईचा चीक करतो. जिथे चीक पिळून टाकतात आणि बाळाला मध, साखरपाणी किंवा गुटी चाटवतात, तिथे शी आतच तुंबते, बिलिरुबिन आतड्यातून पुन्हा रक्तात जाते आणि कावीळ वाढते. म्हणजे पहिल्या आठवड्यातली कावीळ पुष्कळदा दूध पाजल्यामुळे नव्हे, तर पुरेसे न पाजल्यामुळे वाढलेली असते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पाजणे, हाच तिथला उपाय. मात्र जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांतच बाळ पिवळे दिसले, तळहात-तळपाय पिवळे झाले, बाळ सुस्त पडून दूध ओढेनासे झाले किंवा विचित्र तीव्र स्वरात रडू लागले, तर घटकाभरही घरी थांबू नये, कारण फार वाढलेले बिलिरुबिन मेंदूला कायमची इजा करते.

पूर्ण दिवसांच्या बाळाची ही साधी कावीळ दोन आठवड्यांत ओसरते. काही बाळांची ओसरत नाही. बाळ फक्त आईच्या दुधावर असते, वजन चांगले वाढत असते, अंगाने टवटवीत असते, आणि तरी डोळ्यांतली पिवळी झाक दोन-तीन महिने रेंगाळते. आईच्या दुधातील काही घटकांमुळे बिलिरुबिन आतड्यातून अधिक प्रमाणात परत शोषले जाते, म्हणून हे होते. आईच्या ताटातल्या हळदीचा किंवा वरणाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. ही 'दुधाची कावीळ' आपोआप जाते आणि तिच्यासाठी दूध तोडण्याची गरज नसते. दोन दिवस दूध बंद ठेवले की बिलिरुबिन उतरते हे खरे, परंतु ते दोन दिवस ओल्या बाळंतिणीला किती महाग पडतात, हे मी दारोदार पाहिलेले आहे. बाळाला बाटलीची सवय लागते, आईचे दूध आटते, मग परवडत नाही म्हणून पावडर पातळ होत जाते किंवा पाणी घातलेले म्हशीचे दूध सुरू होते. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरच्या पाण्याने भरलेल्या रांजणातूनच बाटली धुतली जाते; त्यापुढची हगवण ही त्या काविळीपेक्षा कितीतरी मोठी आपत्ती असते.

येथपर्यंतचे वाचून कोणी असे समजेल की, अंगावर पिणारे बाळ पिवळे असेल तर निर्धास्त राहावे. मलाही एके काळी तसेच वाटत असे, आणि ती चूक मला आजही टोचते.

दिवाळीनंतर कारखान्यावर निघालेल्या एका ऊसतोड टोळीतले अडीच-तीन आठवड्यांचे बाळ मी तेव्हा पाहिले होते. डोळे पिवळे होते, पण वजन भरले होते, बाळ जोमाने पीत होते. खोलीत शेगडीचा धूर आणि अंधार होता. मी म्हणाले, "दुधाची आहे, जाईल." लंगोट मात्र सोडून पाहिला नाही. पाडव्याच्या सुमारास टोळी परतली, तेव्हा बाळाचे पोट फुगले होते, वर्ण हिरवट-पिवळा झाला होता आणि शी आमच्याकडे माळवदावर टाकतात त्या पांढऱ्या मातीसारखी होती. त्या बाळाच्या पित्तनलिका जन्मतःच बंद होत्या.

हा आजार विरळा आहे. त्यात यकृतात तयार झालेले पित्त आतड्यात उतरतच नाही, आतच साचून यकृत नासवत राहते. आणि कपट असे की पहिले काही आठवडे बाळ अगदी सुदृढ दिसते, त्यामुळे दुधाची कावीळ आणि ही कावीळ नुसत्या चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधली. ती बाळ साठ दिवसांचे होण्याच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली असते; जितका उशीर, तितकी ती घटत जाते आणि पुढे यकृत प्रत्यारोपणावाचून मार्ग उरत नाही.

आता आपल्या रीतींचे दिवस मोजून पाहा. बाराव्या दिवशी बारसे होते. त्यानंतर दोन दिवसांनी, म्हणजे चौदाव्या दिवशी, बाळ पिवळे असेल तर वैद्यकीय भाषेत ती 'लांबलेली कावीळ' ठरते (दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ही मुदत एकवीस दिवसांची). आमच्याकडे मात्र सव्वा महिना होईपर्यंत बाळाला उंबऱ्याबाहेर काढत नाहीत. कोणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कोणी चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवून देतो, आणि साठांतले चाळीस दिवस घरातच संपतात. कोवळ्या उन्हात धरण्याचा उपाय तर सगळेच सांगतात. त्यात तथ्याचा अंश आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात एका परिचारिकेने बागेत नेलेल्या बाळांची कावीळ उतरताना पाहिली आणि त्यातूनच पुढे निळ्या प्रकाशाचे उपचार आले. परंतु ऊन मोजून देता येत नाही, एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात उघडे बाळ चटकन सुकते, आणि पित्तनलिका बंद असेल तर कोणत्याही प्रकाशाचा उपयोग नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की बारशानंतर बाळाला दारात, दिवसाच्या उजेडात आणून डोळ्यांचा पांढरा भाग पाहावा, कपाळाची कातडी बोटाने दाबून सोडावी, आणि पिवळेपणा दिसला तर लंगोट पाहावा. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी मोहरीच्या फुलासारखी पिवळी असते, कधी हिरवट; ती खडूसारखी, फिकट राखाडी किंवा पिठाच्या गोळ्यासारखी असता कामा नये. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असते. तिचा लंगोटावर पिवळा डाग पडत असेल तर तेही दुखणेच. शी-लघवीचा रंग ठीक वाटला तरी चौदा दिवसांनंतरच्या काविळीत एकदा रक्त तपासावे आणि त्यात एकूण बिलिरुबिनबरोबर 'डायरेक्ट' बिलिरुबिनचा आकडा वेगळा मागून घ्यावा, कारण पित्त अडल्याची खूण त्याच आकड्यात असते आणि तो दर डेसिलिटरला १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर पुढचा तपास टाळता येत नाही. थायरॉइडची उणीव, लघवीतला जंतुसंसर्ग, माय-लेकरांच्या रक्तगटांचा विरोध हीही कारणे डॉक्टर त्याच वेळी पाहतात. दूध या काळात चालूच ठेवावे.

घरभेटीच्या वेळापत्रकात आशाताईंची भेट तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ठरलेली आहे. चौदाव्या आणि एकविसाव्या दिवशी वजनकाट्याबरोबर लंगोटही पाहिला गेला, तर वेगळ्या यंत्रणेची गरज नाही. तैवानने २००४ पासून देशभर शीच्या रंगांचे कार्ड आयांच्या हाती दिले आणि तिथे अशी बाळे लवकर सापडू लागली. जाड कागदावर नीट छापलेले तसे कार्ड आमच्या प्रत्येक आशाताईच्या पिशवीत असावे, अशी आरोग्य खात्याला विनंती आहे. आपल्या दैनिकाने तो रंगपट छापावा असे आधी मनात आले होते, पण वर्तमानपत्राच्या कागदावर पिवळा रंग रोज निराळा उमटतो, तेव्हा तो मोह आवरते. सरकारी रुग्णालयात तान्ह्या बाळाच्या तपासण्या, औषधे आणि वाहन जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून मोफत आहेत, हेही अनेक घरांना ठाऊक नसते.

राहता राहिला प्रश्न टोळ्यांचा. बीड, परभणी, जालन्यातून ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोयता घेऊन निघणाऱ्या कुटुंबांत दरवर्षी ओल्या बाळंतिणी असतात. त्यांची चौदाव्या दिवसाची भेट ना गावात होते, ना कारखान्याच्या कोप्यांवर, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्यांवर. निघण्यापूर्वी गावच्या आशाताईने बाळाची जन्मतारीख कारखान्याच्या हद्दीतील आरोग्य केंद्राला फोनवरून कळवावी, आणि तिथल्या आशाताईने त्या तारखेवरून दिवस मोजून कोपी गाठावी, एवढी व्यवस्था जिल्हा परिषदांनी येत्या हंगामाआधी करावी.

शेजारच्या बाळाची डायरेक्ट बिलिरुबिनची चाचणी व्यवस्थित आली. त्याच्या आईला पुन्हा अंगावर पाजायला लावण्यात आठ दिवस गेले. पिवळी झाक अजून थोडी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका, परभणी