सगळ्या प्रोग्रामना एकाच दावणीला कशाला बांधता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाहूपुरीत माझं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं छोटं दुकान हाय, दिवसाचे दहा तास स्क्रीनपुढंच जातात. मागच्या महिन्यात भाचा आलता, "मामा, डोळ्याला बरं पडतंय" म्हणत अख्खं विंडोज डार्क मोडवर, म्हणजे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, करून गेला. दोन दिवस भारी वाटलं. मग एक पत्रिका आली, हळदीच्या पिवळ्यातली, भोवती सगळं काळं त्यामुळं तो पिवळा मला लईच उजळ दिसायला लागला म्हणून जरा दाबला, आणि छापून बघतोय तर पांढऱ्या कागदावर पार मळकट. दोनशे पत्रिका रद्दीत, मुलीचे वडील काउंटरपुढं उभे, काय बोलणार! काळ्यात ठेवलेला रंग आहे त्यापेक्षा उजळ भासतो, हे मी स्वतः पोरांना शिकवतो बघा.

त्यात माझ्या चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे डोळ्याचा बाक सगळीकडं सारखा नाही. अंधारात बाहुली मोठी होते आणि काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यागत दिसतात, म्हणजे टायपिंगला मला पांढरं पानच पाहिजे. रात्री मेल बघताना मात्र काळंच बरं, तेवढं भाच्याचं खरं हाय.

म्हणून प्रत्येक प्रोग्रामला वेगळं पाहिजे. विंडोजमध्ये पर्सनलायझेशन, कलर्समध्ये जाऊन कस्टम केलं की टास्कबार एकीकडं आणि सगळी अ‍ॅप एकीकडं, एवढीच वाटणी होते. पुढचं ज्याच्या त्याच्या पोटात शिरून शोधा. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेसला चार छटा आहेत, मी राखाडी ठेवलाय. वर्डची थीम, म्हणजे रंगसंगती, फाइल, अकाउंटमध्ये, पण तिथं बदललं की एक्सेल पण बदलतंय, आणि नुसतं पान पांढरं पाहिजे तर व्ह्यूमध्ये स्विच मोड्स! विंडोज ११ च्या नोटपॅडला मात्र स्वतःची वेगळी अ‍ॅप थीम, एवढंसं ते नोटपॅड. पोराच्या उबुंटूवर (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) काही प्रोग्रामना शॉर्टकटच्या फाइलीत एक ओळ बदलली की तेवढाच प्रोग्राम उजळ उघडतो, पण ती ओळ मी कुठनं लिहू?

टास्कबारवरच्या आयकॉनला राइट क्लिक केलं की "उजळ का काळं" एवढं विचारलं तर काय बिघडतंय? तवर आपल्या पेपरात डार्क मोडचं कौतुक छापताना ह्या सेटिंगा पण छापा, आमच्या गल्लीत अजून चार जण मळकट पिवळा छापून बसलेत.

आपला,
एक डीटीपीवाला, शाहूपुरी, कोल्हापूर