काका, सुटलेली नाडी तुम्ही पुन्हा बांधलीत

प्रिय काका,

शर्यत होऊन तीन आठवडे झाले. पायांचं दुखणं केव्हाच थांबलं, पण तुमच्यासमोर बसून दोन शब्द बोलायचे म्हटलं की अजून गळा दाटतो. म्हणून लिहितेय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही काय केलंत ते तुम्ही स्वतः कधी कुणाला सांगणार नाही.

आधी मनातला सल सांगून टाकते. तुमच्याकडे येण्यापूर्वी दोन महिने मी दुसऱ्या एका गटासोबत धावत होते. शेवटी नेहमी मीच. एका रविवारी मी पोचले तोवर सगळ्यांचा फोटो काढून झाला होता. घरी जाऊन तो मोबाइलवर पाहिला. खाली लिहिलं होतं, 'आम्ही सगळे धावणार, किडनीच्या रुग्णांसाठी.' त्या सगळ्यांत मी नव्हते. घरात बाबांचं डायलिसिस चालू होतं आणि मी त्या फोटोत नव्हते. "तुम्ही देणग्या गोळा करा ना, धावलंच पाहिजे असं थोडंच आहे?" असं तिथल्या प्रशिक्षकांनी ऐकवलं, तेव्हा मी बूट कपाटात ठेवून दिले. राग वेगाचा नव्हता हो. हळू धावते हे मला माहीतच होतं. पण कुणासाठी धावतेस, हे त्या दोन महिन्यांत एकानेही विचारलं नाही.

मग तुमच्या गटातला तो पहिला रविवार. याही वेळी सगळे पोचलेले, मी एकटी मागे. लांबून मला तुम्ही दिसलात. कट्ट्यावर बसला होतात, एक बूट काढून बाजूला ठेवलेला, दुसऱ्याची नाडी सुटलेली. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत आणि काढलेला बूट परत पायात घातलात. गुडघ्याला पट्टा होता तुमच्या, वाकताना एक हात कट्ट्यावर टेकवावा लागला. दोन्ही नाड्यांना दुहेरी गाठ मारलीत आणि परत मागे, माझ्या दिशेने चालत आलात. म्हणालात, "चल, माझंही थोडं राहिलंय."

तुमचं काहीही राहिलं नव्हतं, काका.

पुढचे सगळे रविवार, सराव, निधी कसा जमला, ते इथे सांगत बसत नाही. माझी शर्यत त्या दुहेरी गाठीपासून सुरू झाली, एवढंच मला ठाऊक आहे.

त्या दिवशी चालता चालता तुम्ही बाबांबद्दल विचारलंत. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास ते यंत्राला जोडलेले असतात, घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, हे मी पहिल्यांदाच बाहेरच्या कुणाला सांगितलं. त्यांच्या हातावरच्या फिस्टुलाबद्दलही सांगितलं, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने दोन रक्तवाहिन्या जोडतात ती जागा. तिथे बोट ठेवलं की कातडीखाली रक्ताची थरथर लागते, मांजर गुरगुरताना लागते तशी. लांब पल्ल्याचा सराव बोलता येईल इतक्याच वेगाने करायचा असतो, हे मला फार नंतर कळलं. तुम्ही मला बोलतं ठेवत होतात ते त्यासाठीही असेल. पण पुढच्या रविवारी तुम्हाला बाबांच्या डायलिसिसचे वार पाठ होते. ते कुठल्या नियमात बसतं?

टेरी फॉक्सची गोष्टही तुमच्याकडूनच वेगळी ऐकली. हाडाच्या कर्करोगाने 1977 मध्ये, अठराव्या वर्षी उजवा पाय गेलेला हा कॅनडाचा मुलगा 1980 मध्ये कृत्रिम पायाने 143 दिवस धावला, 5,373 किलोमीटर, हे सगळेच सांगतात. तुम्ही त्याच्या आदल्या वर्षाचं सांगितलंत. कॅनडातल्याच प्रिन्स जॉर्ज या शहरातल्या शर्यतीत तो शेवटचा आला होता, त्याच्या पुढच्या धावपटूनंतर तब्बल दहा मिनिटांनी. तरी लोक थांबले होते, टाळ्या वाजवत, रडत. "शेवटच्यासाठी थांबणारी माणसं होती म्हणून तो पुढे गेला," असं म्हणालात आणि लगेच विषय बदललात.

मला आता वाटतं, चांगुलपणा हा असाच असतो. मोठा आवाज करत येत नाही. आपलं काम झालेलं असताना, घरी जायला मोकळे असताना, माणूस परत फिरतो. असे लोक आहेत म्हणून आमच्यासारखी घरं तग धरतात. बाबांची सुई टोचण्याआधी दर वेळी हळूच "टोचू का?" विचारणाऱ्या सिस्टर, रांगेतली आपली पाळी न बोलता पुढे देणारे एक आजोबा. त्यांचेही आभार मी कधी मानले नाहीत. ते इथेच मानते.

शर्यतीच्या दिवशी सोळाव्या किलोमीटरला पाय जड झाले. पाण्याच्या टेबलावर कुणीतरी पेला पुढे केला, संपला तसा दुसरा केला. मी तो हातात धरून उभी राहिले. बाबांना दिवसाचं पाणी मोजून मिळतं, घशाला कोरड पडली तरी ते पेल्याकडे बघतात आणि तोंड फिरवतात. मला मात्र मागेल तितकं मिळत होतं. तो पेला सावकाश प्यायले आणि निघाले. उरलेल्या पाचेक किलोमीटरमध्ये एकदाही थांबले नाही. हाफ मॅरेथॉनचे 21.0975 किलोमीटर पुरे झाले तेव्हा मागे फार थोडे लोक उरले होते. फोटो काढणारे निघून गेले होते. तुम्ही होतात, नाड्या बांधलेल्या.

बाबांनी पदक उजव्या हातात घेतलं, डाव्या हाताला वजन चालत नाही ना. बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, "ते नाडीवाले काका कुठे भेटतील?"

मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांचं डायलिसिस असतं, तुम्हाला माहीतच आहे. रविवारी ते मोकळे असतात. या रविवारी मी त्यांना घेऊन येतेय. तुमच्या शेजारी कट्ट्यावर जागा ठेवा.

तुमची,
शेवटून येणारी